लॅपटॉपला दिलेला चेहरा

१

सकाळी दूध तापत ठेवलं की मी आमचं दार उघडते आणि समोरच्या काकूंचं दार उघडलंय का ते बघते. आमच्या मजल्यावर दोनच घरं, तोंडाला तोंड लावून. मधे दोन पायपुसणी मावतील एवढी जागा. काकूंचं दार सकाळी एकदा उघडलं की दिवे लागेपर्यंत नुसतं लोटलेलं असायचं, आतून कडी नाही. त्यांच्या घराची जादा किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्याला टांगलेली.

जिन्यातले लोक मला भोचक म्हणतात. म्हणू देत. कुणाकडे कोण आलं, कुणाचा नळ किती वेळ वाहतोय, हे मला माहीत असतं, आणि कुणाला तरी माहीत असलेलं बरं असतं. काकू न्हाणीघरात पडल्या तेव्हा माझ्या याच भोचक कानांनी त्यांना वाचवलं होतं.

त्या पडल्यापासून त्यांची मान सारखी लटपटायची. डोळ्यांत मोतीबिंदू आधीपासूनच. एकुलती एक लेक, बेबी, विमानानं जावं लागेल एवढ्या लांब. तिनं वृद्धाश्रम बघून ठेवला होता, खोलीसुद्धा धरून ठेवली होती. काकू म्हणाल्या, "मी मेले तरी या खिडकीपाशी मरेन." मायलेकींचं आठवडाभर फोनवर वाजलं. शेवटी बेबीनं तडजोड काढली: "मी तुला लॅपटॉप पाठवते. रोज सकाळी तू स्वतः तो उघडायचा आणि माझ्याशी बोलायचं. मला तू दिसली पाहिजेस. एवढं एकटीनं जमलं तर राहा. नाही जमलं तर मी येते आणि घराला कुलूप लावते."

काकूंनी हे मला मटार सोलता सोलता सांगितलं. सोललेला मटार सालांच्या ढिगात आणि सालं भांड्यात टाकत होत्या, इतकं त्यांना दिसत होतं.

"समोरची," त्या म्हणाल्या. माझं नाव त्यांना ठाऊक आहे, पण पहिल्या दिवसापासून मी त्यांची समोरचीच. "तू आहेस ना गं?"

"मी कुठं जातेय?" मी म्हटलं.

२

खोकं आलं त्या दिवशी मी घरचं सगळं आवरून तिकडेच जाऊन बसले. खोटं कशाला बोलू, मलाही बघायचा होता. राखाडी, पातळ, थंडगार. झाकणावरचं पातळ प्लास्टिक सोलताना काकूंनी माझा हात धरला, "हळू गं, ओरखडा उठेल," जसं काही बाळाचं कातडं होतं.

बेबी फोनवरून सांगत होती. आधी चार्जर लावा. आता भाषा निवडा. आता कोड. कोड म्हणून काकूंनी घरातल्या जुन्या फोनचा नंबर सांगितला. "पण आईला ती बटणं दिसायची नाहीत," बेबी म्हणाली. "चेहऱ्यानं उघडेल असं करून टाका. समोर बसलं की आपोआप उघडतो."

पडद्यावर एक गोल आला. खाली लिहिलं होतं: चेहरा चौकटीत ठेवा. स्थिर राहा.

काकू बसल्या. मान काही स्थिर राहीना. चष्म्यावर खिडकीचा उजेड चमकायचा, आणि चष्मा काढला तर गोल कुठंय हेच त्यांना कळायचं नाही. मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. परत तेच. परत तेच.

"झालं का?" फोनमधून बेबी.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ती वृद्धाश्रमातली खोली होती. मी तोंडावर बोट ठेवलं, त्यांना हातानं बाजूला केलं, स्टूल ओढलं आणि स्वतः त्या गोलापुढे बसले.

कॅमेऱ्याशेजारी एक पांढरा ठिपका लागला. आता मान सावकाश फिरवा. डावीकडे. उजवीकडे. वर. खाली. मी फिरवली. गोलाभोवतीची रेघ भरत गेली. पुरी झाल्यावर मशीन म्हणालं, आणखी एकदा. मग पुन्हा, आणखी एकदा. मला वाटलं, असेल पद्धत. बघून घेतंय बापडं.

मग टुंग असा आवाज झाला आणि पडदा उघडला.

"झालं गं," मी फोनमधे ओरडले.

"आईचाच चेहरा ना, ताई?"

"मग काय माझा?" मी म्हटलं, आणि आम्ही तिघी हसलो.

३

तेव्हापासून रोजचा क्रम ठरला. चहाची पहिली भांडी घासून झाली की मी समोर जायची. लॅपटॉपपुढे बसायची, टुंग, पडदा उघडायचा. मग मी उठायची, काकू खुर्चीत बसायच्या, आणि बेबी दिसायच्या आत मी स्वयंपाकघरात. तिथून मी सगळं ऐकायची, पण दिसायची नाही. तिला वाटायचं, आईनं स्वतः उघडला.

त्याची निगा आम्ही दोघी मिळून ठेवायचो. काकूंनी दोऱ्याचं विणलेलं झाकण केलं, एका कोपऱ्याला अडकवायला छोटा फास. पडदा ओल्या फडक्यानं पुसायचा नाही, चष्म्याच्या कोरड्या फडक्यानं पुसायचा. गादीवर ठेवायचा नाही, खालची हवा कोंडते. चार्ज पूर्ण झाला की वायर काढून हुकाला टांगायची. बटणांमधली धूळ मी रंगाच्या छोट्या ब्रशनं काढायची, नेहमी डाव्या कोपऱ्यातून सुरुवात, आणि ब्रश ग्लासात उभा ठेवायची, केस वर. प्रत्येकाची काम करण्याची एक तऱ्हा असते, ही माझी.

आमचे हे बसडेपोत मेकॅनिक आहेत. हात काळे, जीभ त्याहून काळी. "लग्नापासून आरशासमोर एवढी बसली नाहीस," ते म्हणाले. "आता मला बायको पाहिजे असली की समोर जाऊन टुंग करायचं का?"

"जा की. तो तुम्हाला उघडायचा नाही."

"सुटलो," म्हणाले.

काकूंना मात्र त्या वस्तूचा लळा लागला. बेबीचं बोलणं संपलं तरी त्या झाकणावर हात ठेवून बसायच्या, मांजरावर ठेवावा तसा.

४

एका सकाळी मी गेले तर काकू म्हणाल्या, "काल दुपारी का गं एवढी गप्प होतीस? नवऱ्याशी भांडून आली होतीस का?"

"काल दुपारी?"

"आलीस. स्टुलावर बसलीस. टुंग झालं. मी म्हटलं, चहा टाक ना, तर उत्तरच नाही. मग माझा डोळा लागला."

काल दुपारी मी दाढ दाखवायला गेले होते. तोंडात कापूस घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसले होते, तीन बायकांनी मला तिथं बघितलं होतं. मी तसं सांगणार होते, पण थांबले. म्हटलं, सकाळचं दुपारी झालं असं वाटलं असेल. म्हाताऱ्या माणसाचा डोळा लागतो, तेवढ्यात काय काय दिसतं. माझी सासू तर भिंतीशी बोलायची.

आणि दुसरी गोष्ट मी मनात अगदी पक्की केली. हे बेबीच्या कानावर जाता कामा नये. नसलेली माणसं आईला दिसतात म्हटल्यावर ती त्याच दिवशी तिकीट काढील.

"हो हो," मी म्हटलं. "दाढ दुखत होती काकू, म्हणून बोलले नाही."

"बघ, मला वाटलंच," काकू खूश झाल्या.

५

त्यानंतर मी घरात गेल्या गेल्या नजर फिरवायला लागले.

झाकण मी घालते तेव्हा तो फास नेहमी उजवीकडे येतो. ते काढून परत कुणी घातलं असतं तर मला कळलं असतं, असं मी स्वतःला सांगत होते. पण फास उजवीकडेच असायचा, आणि तरीही बाजारातून येताना मी डोकावले की लॅपटॉपचं पोट कोमट लागायचं. चार्जिंगनं तापतो, मी म्हटलं. वायर हुकाला टांगलेली होती.

एकदा बटणं साफ करायला बसले, तर धूळच नाही. डाव्या कोपऱ्यात, जिथून मी सुरू करते, तिथं सगळ्यात लख्ख. ब्रश ग्लासात उभा, केस वर. मी त्या ब्रशकडे बघत राहिले. चोर असता तर मला बरं वाटलं असतं. चोर आपल्यासारखं काम करत नाही.

"काकू, बटणं कुणी पुसली?"

"तूच की. दुपारी नाही का पुसत बसली होतीस? मी झोपेतून बघितलं, तुझी पाठ दिसली."

"आणि काय दिसलं?"

"अजून काय दिसायचं? तू दिसलीस."

मी पुन्हा "हो हो" म्हटलं. आता वाटतं, या 'हो हो'नंच मी तिला घरात जागा करून दिली. प्रत्येक 'हो'ला ती थोडी थोडी आत सरकली.

६

मग ती सकाळ. मी नेहमीप्रमाणे लॅपटॉप उघडून दिला आणि आत चहा टाकायला गेले. बेबीचा आवाज आला. आधी आईचं औषध, मग तिकडचा पाऊस, आणि मग एकदम:

"अय्या ताई! आज दिसलात एकदाच्या. रोज कुठं लपून बसता?"

मी हातातली गाळणी तशीच धरली.

"ताई? ऐकू येतंय ना? … आई, ताई अशा का बघतायत गं?"

"तिची दाढ दुखते," काकू शांतपणे म्हणाल्या.

मी बाहेर आले. काकू खुर्चीत. शेजारी स्टूल, रिकामं. पडद्यावर बेबी पुढे वाकून बघत होती, आणि मला दारात बघून तिच्या भुवया वर गेल्या.

"एवढ्यात मागे कशा पोचलात?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण काकू माझ्याकडे वळल्या, चष्म्याच्या जाड काचेतून त्यांचे डोळे मोठाले दिसत होते, आणि त्या जशा स्टुलाकडे बघत होत्या तशाच माझ्याकडे बघत होत्या. दोन्हींकडे सारख्याच मायेनं.

"पाय अजून तरुण आहेत गं माझे," मी म्हटलं. गाळणीतून चहा फरशीवर ठिबकत होता.

७

बेबीचं बोलणं संपल्यावर मी काकूंना म्हटलं, "आता चेहऱ्याची भानगड नको. मी रोज येऊन कोड घालीन." त्या म्हणाल्या, "तुला बरं वाटेल तसं कर बाई."

मी कोड घातला, शोधून शोधून चेहऱ्याच्या नोंदीचं पान काढलं. तिथं लिहिलं होतं, चेहरा काढून टाका. दाबलं. चेहरा काढला, असं आलं. बंद करून पुन्हा उघडून बघितला. पांढरा ठिपका लागला नाही. मशीननं कुणाला शोधलं नाही, सरळ कोड मागितला. मी मनावरचं ओझं उतरल्यासारखी घरी गेले आणि दुपारी चक्क झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुलावर बसले, झाकण उचललं, बोटं बटणांवर ठेवली.

ठिपका लागला.

शोधत आहे, पडद्यावर आलं. मी हलले नाही. मशीन माझ्याकडे बघत होतं, पहिल्या दिवसापेक्षा जास्त वेळ. मग लिहून आलं: ओळख पटली नाही.

चेहरा काढून टाकल्यावर ते शोधत नाही, हे मी कालच बघितलं होतं. शोधतंय म्हणजे त्याच्यात चेहरा आहे. आणि तो माझा नाही.

कोड घालून मी ते पान पुन्हा काढलं. चेहरा नोंदवलेला आहे. काल, दुपारी. खोडायला गेले तर मशीन म्हणालं, आधी आपली ओळख पटवा. ठिपका लागला. मी वाचायचा चष्मा काढला, केस मागे घेतले, खिडकीकडे तोंड केलं. ओळख पटली नाही. ओळख पटली नाही.

"काय गं, रुसला का तुझ्यावर?" काकू मागून म्हणाल्या.

८

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि काकूंच्या खोलीची खिडकी हवेसाठी सोडलेल्या एकाच चौकात उघडतात. मधे पाइप आणि कबुतरं. त्यांचा पडदा बाजूला असला की मला त्यांची खुर्ची, टेबल आणि स्टूल दिसतं. इतकी वर्षं तिथून किती वेळा बघितलं असेल, मोजदाद नाही. त्या दुपारी मी पहिल्यांदा भीत भीत बघितलं.

काकू खुर्चीत झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं. झाकण निघालेलं होतं. स्टुलावर कुणीतरी बसलं होतं, माझ्याकडे पाठ करून.

अंबाडा. त्यात माझ्यासारखा चाप. माझा करडा स्वेटर, जो त्या वेळी माझ्या अंगात होता. मी बाही चाचपून बघितली.

उन्हाचं प्रतिबिंब असेल, मी म्हटलं. काचेत मीच दिसत असेन. मी हात वर केला. तिनं केला नाही.

ती मान फिरवत होती. सावकाश डावीकडे. उजवीकडे. वर. खाली. आणि पुन्हा. शाळेतल्या मुलानं पाठ घोकावा तशी. डावीकडे वळली तेव्हा गाल दिसला, गालावर जिथं माझा तीळ आहे तिथं तीळ दिसला. मग मान आणखी वळली. जिथं कुणाचीही मान थांबते तिथं ती थांबली नाही, खिडकीच्या दिशेनं येतच राहिली.

मी खाली बसले. ओट्याखाली, भांड्यांच्या फडताळाला पाठ लावून. मला तिचे डोळे बघायचे नव्हते.

काकू तिथं एकट्या आहेत, हे लक्षात आल्यावर मी उठले आणि अनवाणी धावले. दार लोटलेलंच होतं. काकू झोपलेल्या. स्टूल टेबलाखाली सरकवलेलं. झाकण घातलेलं, फास उजवीकडे. मी लॅपटॉपच्या पोटाखाली हात घातला. कोमट.

आणि काकूंची मान, जी झोपेतसुद्धा लटपटायची, ती अगदी स्थिर होती. मी नाकापुढे बोट धरलं. श्वास चालू होता, सावकाश, नीट.

९

त्यानंतर काही दिवस माझा पाय त्या घरात पडला नाही. सकाळी दार उघडून उभी राहायची. पलीकडून टुंग ऐकू यायचं, मग बेबीचा आवाज, काकूंचं हसणं. मी का येत नाही, असं विचारायला काकूंनी एकदाही हाक मारली नाही. भीतीपेक्षा त्याचंच मला जास्त लागलं.

आमचे हे म्हणाले, "तब्येत बरी नाही का? कुणाच्या घरात नाक खुपसलं नाहीस आठवडाभर."

मग बेबीचा फोन आला, माझ्या मोबाइलवर.

"ताई, तुम्हाला मुद्दाम सांगायला केला. मी ती वृद्धाश्रमातली खोली सोडून दिली. आईला आता कुठं हलवत नाही." मग म्हणाली, "तुम्ही सकाळ-दुपार तिच्याजवळ असता. मी बघते ना रोज, शेजारीच बसलेल्या असता. फार बोलत नाही तुम्ही, पण आई किती शांत झालीय. मान पण हलत नाही आता तिची."

मला बोलता आलं असतं. ती मी नाही, एवढंच. पण मग? एक तर आईचं डोकं फिरलंय, नाही तर माझं. दोन्हीकडून काकूंच्या घराला कुलूप. त्यांना हवं होतं ते त्यांना मिळालं होतं, खिडकी, खुर्ची, आपलं घर. फक्त ते कुणी मिळवून दिलं होतं, ते मी सांगायचं नव्हतं.

"काळजी करू नकोस गं," मी म्हटलं. "मी आहे."

फोन ठेवला आणि तेच शब्द माझ्या डोक्यात बसले. मी आहे ना? मग मी इकडे काय करतेय? मी जाऊन बसले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या स्टुलावरून हललेच नाही, तर दुसऱ्या कुणाला बसायला जागा राहील कशी? मी मटाराची पिशवी घेतली, तोंड धुतलं, केस नीट केले, खिळ्यावरची किल्ली काढली.

दार बंद होतं. लोटलेलं नाही, बंद. किल्ली फिरली, पण दार हललं नाही. आतून कडी होती. भर दिवसा.

मी कडी वाजवली.

"कोण आहे?" काकूंचा आवाज.

"मी, काकू. समोरची."

मग काकू हसल्या. "काहीतरीच. समोरची तर इथं बसलीय माझ्यापाशी."

"काकू, कडी काढा. एकदा बघा तरी माझ्याकडे."

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. पावलं आली, काकूंसारखी घासत नाही, माझ्यासारखी टाच आपटत. दाराच्या भिंगातून उजेड येत होता तो बुजला. पलीकडून कुणीतरी डोळा लावला होता.

मी पिशवी खाली ठेवली. चेहरा भिंगासमोर धरला. स्थिर राहिले.

बराच वेळ गेला. मग दारामागून माझाच आवाज आला, जिव्हाळ्याचा, थोडासा हसरा, मी काकूंशी बोलते अगदी तसा.

"ओळखीचं कुणी नाही हो, काकू. बसा तुम्ही."